गावभागातला मोठा फ्लॅट आणि चाळीस फुटांची खूण

(सांगलीतील एका भगिनींच्या पत्रातील मजकूर असा : "आम्ही घरात सहा जण आहोत. सध्या विश्रामबागेत दोन शयनगृहांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. गावभागात, जुना वाडा पाडून १९९६ साली बांधलेल्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर तीन शयनगृहांचा फ्लॅट विक्रीला आहे. क्षेत्र साडेचौदाशे चौरस फूट सांगतात. किंमत ५८ लाख आणि पार्किंगचे ३ लाख वेगळे. मूळ मालक वारले असून त्यांचे दोन मुलगे फ्लॅट विकत आहेत. एक पुण्यात असतो, दुसरा अमेरिकेत. त्यांची बहीण कोल्हापुरात दिली आहे. माझे सासरे ७८ वर्षांचे आहेत. त्यांचे लहानपण गावभागात गेले, म्हणून त्यांना तिथेच जायचे आहे. पतींना पुराची धास्ती वाटते. ते म्हणतात, त्यापेक्षा विश्रामबागेत लहान पण नवा फ्लॅट घेऊ. मला ते घर मनापासून आवडले आहे. परंतु निर्णय चुकला तर सहा जणांना भोगावे लागेल. घ्यावा की घेऊ नये?")

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र दोनदा वाचले. आपण 'घ्यावा की घेऊ नये' असा सरळ प्रश्न विचारला आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. इमारतीखालची जमीन कोणाच्या नावावर आहे हे कागदावर स्वच्छ दिसत असेल, आणि पावसाळ्यात नदीचे पाणी ठरलेल्या पातळीला पोहोचले की सासू-सासऱ्यांनी घर सोडायचे असे आपल्या घरात आधीच ठरणार असेल, तर हा फ्लॅट घ्यावा. या दोहोंपैकी एक जरी गोष्ट जमत नसेल तर तो कितीही मोठा असला आणि कितीही आवडला असला तरी सोडून द्यावा. हे मत कशावरून बनवले ते आता सविस्तर लिहितो, कारण माझे निम्मे आयुष्य याच शहरात खरेदी-विक्रीचे दस्त तयार करण्यात गेले आहे आणि जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींच्या कागदांत काय दडलेले असते हे मी जवळून पाहिले आहे.

प्रथम जमिनीविषयी. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीला आपली राजधानी केली, तेव्हापासून गावभागात वाडे उभे राहत गेले. एकेका वाड्यात तीन-तीन, चार-चार पिढ्यांचे हिस्से पडले. पुढे कोणी नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेले, कोणी तिथेच राहिले, वाड्यात भाडेकरू आले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस अशा कित्येक वाड्यांच्या मालकांनी बिल्डरशी विकसन करारनामा करून जागा त्याच्या हवाली केली. त्या करारावर भावांच्या सह्या असतात. लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सह्या अनेकदा नसतात, आणि परगावच्या चुलत्याची सही कुलमुखत्यारपत्रावर, म्हणजे त्याच्या वतीने दुसऱ्याला सही करू देणाऱ्या दस्तावर, भागवलेली असते. बिल्डरने फ्लॅट विकले, लोक राहायला आले, घरपट्टी ज्याच्या त्याच्या नावावर लागली, आणि सगळ्यांनी गृहीत धरले की आता जागाही आपलीच झाली. नगर भूमापन कार्यालयातून त्या जागेची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढली की त्यावर मात्र अजूनही वाड्याच्या जुन्या मालकांचीच नावे दिसतात, आणि त्यांतले काही जण तर केव्हाच वारलेले असतात.

म्हणून माझी पहिली विनंती अशी आहे की, फ्लॅट दुसऱ्यांदा पाहायला जाण्याआधी त्या इमारतीची मिळकत पत्रिका काढून घ्यावी. इमारतीची सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी रीतसर नावावर करून देणे, ज्याला आपण सगळे कन्व्हेयन्स म्हणतो, संस्थेच्या नावे झालेले आहे का हे त्यावर दिसेल. १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याखालील नियमांप्रमाणे, वेगळी मुदत ठरलेली नसल्यास, संस्था नोंदली गेल्यापासून चार महिन्यांत हे काम बिल्डरने करून द्यायचे असते. प्रत्यक्षात पंचवीस-पंचवीस वर्षे ते रखडलेले मी पाहिले आहे. तसे असेल तर एकदम घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने करून दिले नाही तरी होणारे कन्व्हेयन्स, मिळवता येते. परंतु तो अर्ज संस्थेने करायचा असतो, एकट्या सभासदाने नव्हे; आणि आठ-दहा सभासदांच्या लहान संस्थेत पुढाकार घेणारे कोणी नसेल तर तो कधीच होत नाही. इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेली असेल तर गोष्ट वेगळी आहे. तेव्हा घोषणापत्र आणि प्रत्येक फ्लॅटचे अपार्टमेंट डीड नोंदवलेले असले पाहिजे, आणि जमिनीतला आपला अविभक्त हिस्सा किती टक्के आहे हे त्यात लिहिलेले असले पाहिजे.

या मुद्द्यावर मी इतका जोर का देतो आहे, ते सांगतो. इमारत तिशीला आलेली आहे. आपला मुलगा कमावता होईल त्या सुमारास ती पाडून नवी बांधावी का, हा विषय संस्थेच्या सभेत निघेल. त्या दिवशी भिंतींना आणि फरशीला फारशी किंमत उरलेली नसेल. जी काही किंमत असेल ती खालच्या जमिनीला असेल. जमीन नावावर नसेल तर वाड्याच्या मालकांचे वारस शोधत फिरावे लागेल, आणि शोधून काढलेल्या माणसाला आपल्याकडे काहीतरी मागण्यासारखे आहे याची तोवर जाणीव झालेली असेल. त्यात गावभागाला आणखी एक बाब लागू होते. जलसंपदा विभागाने कृष्णाकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखलेल्या आहेत. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते आणि निळ्या-लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून परवानगी मिळते. ही इमारत नेमकी कुठे येते, हे महापालिकेच्या नगररचना विभागात लेखी अर्ज देऊन विचारावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये.

मूळ मंजूर नकाशाही मागून घ्यावा. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून महापालिका १९९८ साली झाली, त्यामुळे १९९६ च्या इमारतीच्या नकाशावर त्या वेळच्या नगरपालिकेचा शिक्का असेल. नकाशात तीन मजले आणि जागेवर चार, असा प्रकार आढळला तर तिथेच थांबावे. भोगवटा प्रमाणपत्राचीही, म्हणजे इमारत वापरायला परवानगी दिल्याच्या दाखल्याचीही, चौकशी करावी. त्या काळच्या अनेक इमारतींना ते मिळालेलेच नाही, आणि बँक कर्ज देताना नेमके त्याच कागदावर बोट ठेवते.

आता विकणाऱ्यांकडे वळतो. आपल्या पत्रात बहिणीचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे, परंतु मला तीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. वडिलांनी स्वतः घेतलेला फ्लॅट असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलीचा हिस्सा मुलांइतकाच असतो. त्यांच्या पश्चात पत्नी किंवा आई हयात असेल तर त्यांचाही असतो. संस्थेच्या भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) दोघा भावांची नावे चढली म्हणून बहिणीचा हक्क संपत नाही. "तिचे काही म्हणणे नाही, तिला सगळे माहीत आहे," असे आपल्याला सांगितले जाईल आणि ते खरेही असेल. तरीसुद्धा तिचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहावे, किंवा खरेदीखतावर तिची सही घ्यावी. भावा-बहिणींमध्ये आज असलेला गोडवा पाच वर्षांनी तसाच राहील, असे आपण कोणीच सांगू शकत नाही, आणि तो बिघडला तर नोटीस आपल्या दारात येते. मृत्युपत्र आहे असे सांगितले तर त्याची प्रत पाहावी आणि वकिलांना दाखवावी.

अमेरिकेतल्या भावाचे कुलमुखत्यारपत्र पुण्याच्या भावाकडे असेल तर ते भारतीय वकिलातीत साक्षांकित झालेले किंवा तिथे रीतसर प्रमाणित केलेले आहे का, भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरले आहे का, आणि त्यात हाच फ्लॅट विकण्याचा व पैसे स्वीकारण्याचा अधिकार स्पष्ट लिहिला आहे का, हे तपासावे. ते रद्द झालेले नाही असे त्या भावाकडून थेट लेखी घ्यावे. व्हिडिओ कॉलवर एकदा बोलूनही घ्यावे. करकपातीचा मुद्दाही याच ठिकाणी येतो. भारतात राहणाऱ्या विक्रेत्याकडून ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीची मिळकत घेताना खरेदीदाराने एक टक्का कर कापून भरायचा असतो. विक्रेता अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्यावर कपातीचा दर वेगळा आणि बराच जास्त असतो. हा कर कापला नाही तर जबाबदारी घेणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येते. सनदी लेखापालांना आधी विचारावे, मगच पैशांच्या हप्त्यांचे ठरवावे.

या साऱ्यासाठी वकिलांकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, करून घ्यावा, आणि तो फ्लॅटपुरता न ठेवता वाड्याच्या मूळ जागेचाही करावा. विक्रेत्यांच्याच ओळखीच्या वकिलांवर हे काम सोपवू नये.

आता पुराविषयी, कारण पतींची धास्ती खरी आहे आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी धरतात. २००५ साली पाणी ५३ फुटांपुढे गेले, २०१९ साली ५७ फूट ओलांडले आणि २०२१ साली पुन्हा ५४ फुटांवर पोहोचले. २०१९ साली हरभट रस्त्यावरून होड्या चालल्या आणि जिल्हा नगर वाचनालयातली हजारो पुस्तके चिखलात गेली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सतरा वर्षांत तीनदा आलेली गोष्ट पुन्हा येणार नाही असे धरून घर घेता येत नाही. विक्रेते म्हणतील, "फ्लॅटमध्ये पाणी कधीच आले नाही." पहिल्या मजल्याच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु आपल्याला खरी माहिती तळमजला देईल.

तिथे भर दुपारी, उजेड असताना जावे. विजेच्या मीटरचा बोर्ड पाहावा. गावभागात बऱ्याच इमारतींत तो आता डोक्याच्या वर नेऊन बसवलेला असतो, आणि त्याच्या खाली, कमरेच्या उंचीवर, जुन्या बोर्डाच्या खिळ्यांची चार भोके पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली दिसतात. बोर्ड वर का नेला, असे कोणाला विचारावे लागत नाही. मग पार्किंगच्या खांबांकडे वळावे. नव्या रंगाखालीही एका ठरावीक उंचीच्या खाली गिलावा फुगलेला असतो, पोपडे निघालेले असतात, कुठे पांढरा खार फुटलेला असतो. किल्लीच्या टोकाने खांबावर हलकेच ठोकत वर जावे. भरीव आवाज येता येता एखाद्या जागी तो पोकळ येऊ लागला तर आतली सळी गंजून काँक्रीट सुटू लागले आहे असे समजावे. कोपऱ्यात तपकिरी ओघळ दिसला तर शंकाच उरत नाही. तीन पुरांचे पाणी ज्या खांबांनी अंगावर घेतले, त्याच खांबांवर आपला पहिला मजला उभा असेल. म्हणून संस्थेकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा करायचे असते. अहवाल नसेल तर स्वतः पैसे खर्चून चांगल्या अभियंत्याला तिथे न्यावे. ५८ लाखांच्या व्यवहारात हा खर्च अजिबात जड नाही.

शेजाऱ्यांशीही बोलावे, शक्यतो तळमजल्यावरच्या एखाद्या आजींशी. पाणी कितव्या पायरीपर्यंत आले, किती दिवस राहिले, ओसरल्यावर गाळ कोणी काढला, पाण्याची मोटर पुन्हा कधी सुरू झाली, हे त्या तारीखवार सांगतील. पूर ओसरल्यावर वर्गणी काढून टाकी धुऊन घेणारी माणसे त्या इमारतीत आहेत की जो तो आपले दार लावून बसतो, हेही त्यांच्या बोलण्यातून कळेल. मला स्वतःला इमारतीतल्या माणसांविषयीचे हे उत्तर खांबांइतकेच मोलाचे वाटते.

पहिल्या मजल्यावर माणूस बुडत नाही, तो अडकतो. २०१९ साली माझे एक वयोवृद्ध नातेवाईक असेच अडकले. घर कोरडे होते, धान्य होते, परंतु वीज नव्हती, नळाला पाणी नव्हते, आणि चौथ्या दिवशी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. खिडकीतून त्यांना होडीत उतरवताना मी समोरच होतो. त्यांचा हात थरथरत होता आणि ते सारखे "देवघरातला दिवा विझला असेल" एवढेच म्हणत होते. आपले सासरे ७८ वर्षांचे आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले. कृष्णेचा पूर डोंगरातल्या लोंढ्यासारखा अवचित येत नाही. कोयना धरणातून पाणी किती सोडले, पुलाजवळ पातळी किती, हे आता तासातासाला कळते. पातळी ४० फुटांवर गेली की सासू-सासऱ्यांनी औषधे आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन विश्रामबागेतल्या ठरलेल्या घरी जायचे, आणि "अजून थोडे थांबून पाहू" असे कोणीही म्हणायचे नाही, हे खरेदीआधी ठरवावे. सासऱ्यांना समोर बसवून, मानाने पण स्पष्टपणे विचारावे. गावभागात राहण्याची त्यांची ओढ मला समजते. ज्या बोळात ते लहानाचे मोठे झाले तिथे सकाळी गणपतीच्या दर्शनाला चालत जाणे, ओळखीच्या चार माणसांशी कट्ट्यावर बसून बोलणे, हे या वयात औषधाइतकेच उपयोगी असते, आणि विश्रामबागेतल्या नव्या फ्लॅटमध्ये ते मिळणार नाही. परंतु ही अट त्यांनी मनापासून मान्य केली नाही, तर पतींचे म्हणणे बरोबर आहे असे मी म्हणेन. लिफ्ट आहे की नाही, हे आपण लिहिलेले नाही. नसेल तर त्यांना एकदा तो जिना चढून पाहू द्यावा.

किमतीत आपल्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. साडेचौदाशे चौरस फूट हा आकडा बहुधा भिंती, जिना आणि मोकळी जागा धरून सांगितलेला असावा. मोजणीची फीत घेऊन जावे आणि प्रत्येक खोली आतून मोजावी. वापरायचे क्षेत्र अकराशेच्या आत भरले तर मला आश्चर्य वाटणार नाही. विश्रामबागेतल्या फ्लॅटशी तुलना करताना दोन्हीकडे आतलेच माप धरावे. पार्किंगचे ३ लाख वेगळे मुळीच देऊ नयेत. खांबांमधली पार्किंगची जागा ही सामाईक जागा आहे, ती फ्लॅटप्रमाणे स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० सालचा निकाल आहे. तिचे वाटप संस्था करते, त्यामुळे संस्थेच्या ठरावाने या फ्लॅटला जागा मिळालेली आहे का एवढेच विचारावे. हस्तांतरण शुल्काच्या नावाखाली संस्थेने २५ हजारांहून अधिक मागितले तर तेही नियमाला धरून नाही.

खरेदी एकट्या आपल्या नावावर करता येते का, याचाही घरात विचार व्हावा. निवासी मिळकत केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ५८ लाखांवर ती ५८ हजारांची होते. पतींचे नाव सहखरेदीदार म्हणून घातले की ती जाते. कर्जाला ते सहकर्जदार राहू शकतात. ही रक्कम पहिल्या वर्षीच्या विम्याला आणि विजेचे काम वरच्या उंचीवर घेण्याला उपयोगी पडेल. विमा अवश्य घ्यावा. 'भारत गृह रक्षा' या नावाची प्रमाणित पॉलिसी साधारण विमा कंपन्यांकडे मिळते आणि तिच्यात पुराने झालेले नुकसान धरलेले असते. खाली लावलेल्या वाहनांचा विमा मात्र वेगळा पाहावा.

इसार देण्याची घाई करू नये. "दुसरे गिऱ्हाईक उभे आहे," असे आपल्याला नक्की सांगितले जाईल. शोध अहवाल हाती येईपर्यंत एक रुपयाही देऊ नये, आणि त्यानंतरही जे द्यायचे ते नोंदणीकृत साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, करूनच, धनादेशाने किंवा बँकेतून द्यावे. बहिणीची सही आणि अमेरिकेतल्या भावाचे कागद पूर्ण झाल्याशिवाय पुढचा हप्ता देणे नाही, अशी अट साठेखतात शब्दशः घालून घ्यावी.

मिळकत पत्रिकेचा उतारा मिळाला की त्यावर कोणाकोणाची नावे आहेत, आणि मीटरचा जुना बोर्ड जमिनीपासून किती उंचीवर होता, या दोन गोष्टी मला कळवाव्यात. त्यावरून साठेखताच्या मसुद्यात कोणत्या अटी हव्यात आणि किंमत कितीपर्यंत खाली मागावी, हे पुढच्या पत्रात लिहीन.